झाकणावरचं नाव

४ तारीख, सोमवार

धाकटे, कशी आहेस? गुडघा काय म्हणतोय? तुझ्या अहोंचा खोकला उतरला, की अजून घर डोक्यावर घेतायत? सूनबाईला झोप मिळते का? आणि आपला गुलाम, तुझा नातू? तुमच्याकडे राहायला होते तेव्हा त्याच्या गालावर मी रोज अंगठा फिरवायची, तिथे पुरळ उठलं होतं. ते बसलं ना? सूनबाई मला हात धुऊन या म्हणायची. याच हातांनी तिचा नवरा लहानाचा मोठा केला, म्हटलं, आणि ते आता धुवायचे होय!

फोनवर माझं अर्धं बोलणं राहूनच जातं, म्हणून ही रोजनिशी. पानं भरली की धाडते.

नोकरी झकास. माणसाच्या कातडीवरचे जंतू ओळखायची प्रयोगशाळा. काचा धुवायच्या, जंतूंचं खाद्य शिजवून थाळ्यांत ओतायचं. निवलं की जेलीसारखं थरथरतं. मी पुस्तकं वाचून थोडंफार शिकलेय हे कळल्यावर मोठ्या बाईंनी चाचण्याही दाखवायचं कबूल केलं. जोडीला एक पन्नाशीचा तंत्रज्ञ आहे. मोज्यांवर मोजे चढवतो. मी त्याचं नाव हातमोजे ठेवलंय. डोळ्याला न दिसणाऱ्या ठिपक्याला भितो, एवढा बाप्या!

६ तारीख, बुधवार

आज सरावासाठी सगळ्यांनी कापसाची काडी आपापल्या हातावर घासली आणि थाळीवर फिरवली. हातमोजे म्हणे, मावशी, नाव थाळीच्या बुडाला लिहा, झाकणावर नको. मी म्हटलं, डब्याचं नाव कुणी बुडाला लिहितं का? आणि ठसठशीत झाकणांवर लिहिलं, माझंही, त्याचंही. थाळ्या उबेच्या पेटीत ठेवल्या.

८ तारीख, शुक्रवार

हसून हसून पोट दुखलं! सगळ्यांच्या थाळ्यांत गरीब पांढरे ठिपके, आणि हातमोज्याच्या झाकणाखाली पिवळाधमक थर. रंग लावून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं: जांभळे गोल, द्राक्षांच्या घडासारखे. पेरॉक्साइडचा थेंब टाकला तर फसफसलं. सशाच्या रक्तद्रवात मिसळलं; पुस्तकात लिहिलंय, गोठायला काही तास लागतात. मी नळी हातात घेतेय तोवर गोठलं. उलटी केली, थेंब पडला नाही. मोठ्या बाईंनी नळी माझ्याकडून काढून घेतली. मी मात्र सगळ्यांदेखत त्याला म्हटलं, बाबा रे, दुहेरी मोज्यांत हेच पिकवतोस होय? बिचारा कानापर्यंत लाल झाला.

११ तारीख, सोमवार

हातमोज्याने पुन्हा काडी घासली होती. त्याची थाळी स्वच्छ निघाली. म्हणाला, मावशी, त्या बुधवारी पुसताना तुम्ही दोन झाकणं एकदम उचलली होती. कुठली दोन, ते त्याने सांगितलं नाही. सांगायची गरजच काय, त्याचं आणि माझं!

म्हटलं, असेल ती पिवळी थाळी माझी. चार पिवळे ठिपके! जेवणापूर्वी साबण लावला की संपलं त्यांचं राज्य.

१२ तारीख, मंगळवार

मोठ्या बाईंनी त्या थरावर औषधांच्या चकत्या ठेवल्या होत्या. चकतीभोवती जंतू मरून मोकळं कडं पडतं. पडलं नाही. थर चकत्यांवर चढला, आणि जिथे औषध होतं तिथेच जास्त दाट झाला.

थाळी उचलताना माझा अंगठा काचेखाली आला. थर तिकडे सरकला. हळूहळू, पण सरकला. मी अंगठा दुसऱ्या कडेला नेला. तिकडे आला.

खुळा कुठला, म्हटलं. आवाज जरा चिरकाच निघाला.

१३ तारीख, बुधवार

अंगठ्याच्या पेरावर पिवळट डाग. खाजत नाही, दुखत नाही. टाचणी टोचून पाहिली, कळलंच नाही. पेरॉक्साइड टाकलं — फेस आला. पुसला, पुन्हा आला. थेंब न टाकताही.

थाळीतल्या थरावर आज वेटोळी उमटलीत. भिंगाखाली अंगठा धरला आणि — तीच वेटोळी. माझीच.

हातमोज्याने मोज्यांचा जोड पुढे केला. मी घेतला. तो हसला नाही.

१४ तारीख, गुरुवार

बोट कापलं, काचेने. रक्त सांडलं नाही. जखमेतच बसून राहिलं, घट्ट, खाद्यासारखं थरथरत. मोठ्या बाई म्हणाल्या, इस्पितळात जायचं, आत्ता. मोजा ओढला तर अंगठ्याला चिकटून —

तेवढ्यात आठवलं. गाल. पुरळ कुठे उठलं होतं, धाकटे? अंगठा फिरवायची तिथेच ना? मी तुमच्याकडे यायच्या आधीपासून होतं, की मी आल्यावर —

तुला फोन लावला. सूनबाईला लावला. कुणी उचलत नाही.

१५ तारीख

हातमोज्याकडून लिहून घेतेय, हात मनगटापर्यंत जड झालाय. पानं तो आजच धाडील. बाळाला उघड्या हाताने घेऊ नका. मोजे घाला, दोन-दोन घाला, सूनबाई म्हणेल तसं करा. गालावर पिवळं दिसतंय का ते बघ. त्याला टोचलं तर तो रडतो का, ते —

फोन का उचलत नाही गं? तुम्ही सगळ्यांनी त्याचे पापे घेतलेत का?

लगेच लिही, धाकटे. दोनच ओळी लिही, पण तुझ्या स्वतःच्या हाताने, म्हणजे मला कळेल की तुझा हात अजून —