कोरड्या जमिनीवर ओले पाय

आये, तुला एक विचारायचं आहे आणि विचारायच्या आधीच माझं मला हसू येतंय. मी इथं कल्याणच्या मराठी शाळेत मास्तर आहे. भुताखेतांवर विश्वास ठेवू नका, असं पोरांना छडी आपटून सांगतो, आणि आज भर दुपारी ओसरीवर बसून वीस वर्षांपूर्वी वारलेल्या आईला पत्र लिहितो आहे. तुला वाचता येत नव्हतं हेही ठाऊक आहे. तरी लिहितो, कारण तोंडानं बोलायला लागलो तर घरची माणसं आणखी एक दुखणं वाढलं म्हणून घाबरतील.

गोष्ट एवढीच आहे की माझे पाय ओले लागतात. ओले नसतात, नुसते लागतात. गेल्या पावसाळ्यानंतर हे सुरू झालं. सकाळी सारवलेल्या जमिनीवर पाय ठेवावा तर घोट्यापर्यंत गार पाणी. खाली बघतो तर पाय कोरडे ठणठणीत. हातानं चाचपतो, हातालाही कोरडे. पण पायांचं म्हणणं एकच, पाणी आहे आणि तेही खारं आहे. पायाला खारं कसं कळतं ते तू तरी विचारू नकोस. कधी पाण्याऐवजी मुंग्या येतात, कधी उजवा पाय कुणा शेजाऱ्याचा मागून आणल्यासारखा वाटतो आणि हातातला तांब्या आपोआप सुटतो. मग चार दिवस काहीच होत नाही. तेव्हा तर मी जास्तच चिडतो, कारण बरा असलो की इतके दिवस सोंगच केलं की काय, असं मलाच वाटायला लागतं.

ठाण्याच्या खाडीवरचं ते मिठागर मला अजून स्वच्छ दिसतं. तू कासोटा खोचून वाफ्यात उभी आहेस, डोक्यावर ऊन, आणि मला म्हणतेस, डोळे मीट. मी मिटतो. ‘पायाला काय लागतं?’ मी म्हणतो, बारीक वाळू. ‘वालू नाय ती, पोरा. मीठ बसाया लागलंय. आजून दोन दिस.’ पुढं शाळेत जायला लागल्यावर मी एकदा नव्या वहाणा मिरवत तसाच वाफ्यात उतरलो, तेव्हा तू माझ्या पाठीत असा धपाटा घातलास की आजही पाठ सावरून बसावंसं वाटतं. ‘आरं, ह्ये लोकांच्या ताटान जानार हाय!’ वहाणा बांधावर भिरकावल्यास आणि म्हणालीस, कळत नसंल तर पायांना इचार, मना कशाला इचारतंस? मी अजून त्यांनाच विचारतो आहे, आये. ते काहीतरी भलतंच सांगतात आणि ठासून सांगतात.

शाळेत झालं ते तर तुलाच सांगण्याजोगं आहे, दुसऱ्या कुणाला कळायचं नाही. पोरं पाढे म्हणत होती. एकाएकी पाणी गुडघ्यापर्यंत चढलं, उधाणाचं चढतं तसं, ओढीसकट. मी ओरडलो, ‘बांध फुटला! उठा, उंचावर जा!’ आणि धावत जाऊन दाराच्या उंबऱ्यात पाठ लावून फतकल मारून बसलो. बांधाला भगदाड पडलं की माती येईपर्यंत आपल्यातलं कुणीतरी त्यात असंच बसतं ना? तुला मी दोनदा बसलेलं पाहिलंय, गळ्यापर्यंत चिखलात, आणि वर आम्हालाच शिव्या देत. पण ही कल्याणची शाळा. बांध इथून कोसावर. पोरं पाट्या छातीशी धरून बघत राहिली, मग एक पोर फिसकन हसलं आणि मागोमाग सगळा वर्ग हसला. हेडमास्तर धावत आले. ‘काय झालं, मास्तर?’ मी म्हटलं, उंदीर गेला. एवढ्या मोठ्या माणसाला उंदराचं भय, म्हणून तेही हसले. मला मात्र त्या उंबऱ्यातून उठवेना. पाठीला पाण्याचा रेटा लागत होता, शपथेवर सांगतो.

ही बातमी माझ्या आधी घरी पोहोचली. तुझी सून भित्री नाही, पण पाय बधिर होतो हे तिला ठाऊक होतं, आणि महारोगाची सुरुवात अशीच होते हे कुणीतरी तिच्या कानात घातलं होतं. माझं ताट वेगळं झालं. ते मी सोसलं. मग एका संध्याकाळी मी पोरीला उचलायला वाकलो तर बायको मधे आली. ‘आता ऱ्हाउद्या. पाय बरं होऊं द्या, मंग घ्या.’ आये, आम्हाला मुलगी झाली आहे, इतक्या वर्षांनी. नुकतीच हसायला लागली आहे. मला बघून हात पुढं करते आणि मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला हात मागं बांधून उभा असतो. पायांचं काय व्हायचं ते होवो, मला माझी पोर मांडीवर हवी होती.

म्हणून आम्ही आगगाडीनं ठाण्याच्या सरकारी इस्पितळात गेलो. डॉक्टर शांत माणूस. डोळे मिटायला लावून तळव्यांना सुई टोचली. टोचल्याचं मी दर वेळी बरोबर सांगितलं. गरम आणि गार पाण्याच्या कुप्या लावल्या, पीस फिरवलं, गुडघ्याखाली हाताच्या कडेनं मारलं, पाय टुणकन उडाला. अंगावर कुठं चट्टा आहे का, ते कंदील धरून बघितलं. शेवटी म्हणाले, ‘मास्तर, महारोग नाही. दुसरंही काही नाही. तुम्ही निरोगी आहात.’

‘मग पाय ओले का लागतात?’

‘लागत असतील. पण ओले नाहीत.’

‘ते मलाही दिसतं, साहेब.’

‘मग झालं तर,’ ते म्हणाले, आणि तुझ्या सुनेनं तिथंच हात जोडले. मला आनंद व्हायला हवा होता. मला रडू आलं. त्यांनी काहीतरी वाईटसं नाव सांगितलं असतं तर निदान माझ्या बाजूनं एक शब्द तरी असता. आता मी निरोगी आहे आणि मला धड चालता येत नाही, यातलं खरं काय ते कुणी सांगेना.

ताट पुन्हा एकत्र झालं, पण पोर मिळेना. बायकोचा हिशोब सरळ होता. ‘डागतराला घावत नाय म्हंजी भायेरचं हाय.’ तिनं भगताला बोलावलं. त्यानं तांदूळ टाकले, बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, ‘मास्तर, तुमची आय आजून बांधाच्या भगदाडान बसलीय. तिला कुनी ऊठ बोलला नाय. तिचं पानी तुमच्या पायाला लागतं.’ मी त्याला खोटा म्हणणार होतो. पण शाळेच्या उंबऱ्यात मी का बसलो, ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मी काय ओरडलो ते पोरांनी गावभर सांगितलंच असेल, आणि भगतासारख्या मिठागरातल्या आगरी माणसाला त्यातून काय ते कळलंच असेल. असेलही. नसेलही. तेच विचारायचं होतं तुला. तू बसली आहेस का तिथं? तू तर तापानं घरात गेलीस, माझ्या समोर. मग बसशील कशी?

परवा आम्ही मिठागराच्या जुन्या बांधावर जाऊन नारळ सोडला. ऊठ आये, असं मी म्हटलं, मोठ्यानं म्हटलं, लाज वाटली तरी. भरती चढत होती, पाय खरोखरच पाण्यात होते, आणि त्यातलं खाडीचं किती आणि माझं किती ते मला उमगेना. घरी आल्यावर बायकोनं पोरीला माझ्या मांडीवर ठेवलं. थोड्या वेळानं मांडी ओली लागली. मी घाबरून विचारलं, ‘अगं, हे खरंच ओलं आहे का?’ ती कितीतरी दिवसांनी हसली. ‘खरं हाय वो. पोरगी मुतली.’

आज सकाळी जमिनीवर पाय ठेवला आणि घोट्यापर्यंत गार पाणी. ती चुलीपाशी होती. तिनं विचारलं, पाय कसं हायत? हे पत्र मी चुलीत घालीन, आये, आणि तूही कुणाला सांगू नकोस. पोर मांडीवर होती. मी म्हटलं, कोरडे आहेत.