गणवेश कुणी शिवला

रविवार, १९ जानेवारी

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळे बरे आहोत. धाकटीचा पुढचा दात पडलाय, बोलताना शिट्टी वाजते. दाजींचा खोकला थांबला का? तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहायला बसलो.

सातवीच्या वर्गात न्याय्य व्यापारावर बोलत होतो. माल बनवणाऱ्याच्या हातात त्याच्या कष्टाचं मोल पडतं का, वगैरे. आमच्या वर्गातली एक मुलगी फार वाद घालते, तिला सगळे वकीलबाई म्हणतात. तिने विचारलं, "सर, आपले गणवेश कोण शिवतं? त्यांना नीट मजुरी मिळते?" मला केवढा आनंद झाला. मुलांनी तक्ते केले, सह्या गोळा केल्या, मुलं पालकांसमोर न अडखळता बोलली. मुख्याध्यापिकाबाईंनी कौतुक केलं आणि तुमच्या कारखान्याचं काम काढून एका मोठ्या कंपनीला देऊन टाकलं. तिथे कोण शिवतं, कुणी विचारलं नाही.

तुम्हा साऱ्याजणींना घरी बसवल्याचं मला दाजींकडून कळलं.

तक्त्याबद्दल लिहायचं टाळतोय. त्यावर मधोमध तुझा फोटो होता. तू मशीनवर वाकलेली, बोटाला चिंधी. मी फोटो काढताना तू म्हणाली होतीस, "कशाला रे, केस बघ माझे." घरी दाखवायला, असं मी म्हटलं होतं. खाली मीच लिहिलं, 'हिला पोटापुरतं मिळत नाही.' मालकाला वाटलं, तूच चुगली केलीस. बरोबरच्या बायकाही आता तुझ्याशी बोलत नाहीत म्हणे. ताई, त्यांच्याशी बोलल्याशिवाय तुला घास गोड लागत नाही, हे मला ठाऊक आहे.

शुक्रवारी मुलांना सगळं सांगितलं. वकीलबाई म्हणाली, "आम्ही मजुरी वाढवा म्हटलं होतं, काम काढा नाही. तुम्ही तुमच्या ताईंना विचारलं होतंत ना, सर?"

नाही म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

मधल्या सुट्टीत मुलं आपणहून मुख्याध्यापिकाबाईंकडे गेली. यंदाचा करार झालाय, तो मोडता येत नाही. पुढच्या वर्षी काम तुम्हाला द्यावं आणि मजुरीचा दर करारातच लिहावा, अशी त्यांची मागणी आहे. बाई 'बघू' म्हणाल्या. मी तुला खोटी आशा लावणार नाही.

दर काय असावा, ते मुलांना तुम्हा शिवणाऱ्यांच्याच तोंडून ऐकायचंय. निघालीच होती तुझ्याकडे यायला. मी थांबवलं. तू नको म्हणालीस तर कुणी येणार नाही, मीही नाही. आणि त्या बायकांना चूक कुणाची ते मी स्वतः सांगायला तयार आहे. पण तेही तू हो म्हणालीस तरच.

तुला न विचारता तुझी बाजू घेणारा,
तुझा भाऊ