पुराव्याअभावी सुटका

स्टेट कॉलेज, पेनसिल्व्हेनिया
१७ जून २००४

प्रिय ताई,

सप्रेम जयभीम. बाळ जन्माच्या वजनावर परत आलं आणि वर तीन औंस चढलं, असं मुलांच्या डॉक्टरांनी आज सांगितल्याचं अवधूत भाऊजींनी दुपारी फोनवर कळवलं. तू शेजारीच होतीस, पण फोन घेतला नाहीस. मागून पोरीचं रडणं मात्र चांगलं खणखणीत ऐकू आलं. ईमेल केली असती, पण रोमन अक्षरांतलं माझं मराठी वाचताना तू भांडण विसरून चुका काढत बसतेस. म्हणून टपाल.

गेल्या रविवारच्या फोनबद्दल आधी लिहितो. तू विचारलंस, "भूषण, तू स्टॅटिस्टिक्सवाला ना? मग सांग, शेवटपर्यंत नोकरी करणाऱ्या बायकांची मुलं कमी वजनाची होतात का?" मला वाटलं, सहज विचारतेयस. शोभनाकाकू तुमच्या शुगर लँडभरच्या बाळंतिणींना सल्ले देत तुझ्याकडेही येऊन गेल्या आणि "अगं अस्मिता, नवव्या महिन्यातसुद्धा रोज ह्यूस्टनपर्यंत एवढं ड्राइव्ह केलंस, म्हणून पोर एवढीशी" असं म्हणाल्या, हे मला भाऊजींकडून नंतर कळलं.

योगायोग असा, की उन्हाळी सत्रात मी ज्या मुलांना शिकवतोय त्यांना गृहपाठ नेमका तोच दिला होता. एका राज्यातल्या जन्मनोंदींमधून सरावासाठी काढलेला नमुना. एका बाजूला शेवटच्या महिन्यापर्यंत कामावर जाणाऱ्या आयांची बाळं, दुसऱ्या बाजूला घरी असणाऱ्या आयांची. दोन्हीकडची सरासरी काढायची आणि त्यांतला फरक खरा, की हाती लागलेल्या नमुन्याचा खेळ, ते तपासायचं. फरक आला जेमतेम औंसभराचा. एवढा तर नुसत्या योगायोगानेही सहज पडतो. अर्ध्या वर्गाने उत्तर लिहिलं, 'फरक नाही'. मी सगळ्यांचे मार्क कापले. फरक नाही असं आपल्याला म्हणता येत नाही. फरक आहे असं सिद्ध झालं नाही, एवढंच म्हणायचं. ते तपासून उठलो आणि तुझा फोन आला. मास्तर अजून अंगातच होता. मी तेच शुद्ध वाक्य तुला ऐकवलं.

तू म्हणालीस, "म्हणजे पेपरात येतं तसं, पुराव्याअभावी सुटका," आणि फोन ठेवलास.

ताई, हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये. कॅम्पसच्या बसमध्ये बसलो तरी तेच. माझ्या विषयातली ही गोष्ट इतक्या थोडक्यात मला वर्गात कधी सांगता आली नव्हती, पुढच्या तासाला वापरणार आहे, तुझं नाव न घेता. पण त्यात एक चूक आहे. सुटका व्हायला आधी कोणीतरी आरोपी लागतो. ही चाचणी दोन घोळक्यांची तुलना करते, घोळक्यातल्या एकेकीला उभं करून जबाब घेत नाही. तुझ्यापुरता निकाल तिच्याकडे नाहीच. "तुझ्यामुळे मुळीच झालं नाही" असं प्रमाणपत्र तुला माझ्याकडून हवं होतं, आणि ते मला खोटं बोलल्याशिवाय देता येत नाही. शोभनाकाकूंनाही त्यांचं 'तुझ्यामुळेच झालं' हे प्रमाणपत्र देता येत नाही, फक्त त्यांना ते ठाऊक नाही.

मग काल वर्गात सरासरी बाजूला ठेवली आणि प्रत्येक बाळाचा एक ठिपका, असे दोन पट्टे मुलांकडून फळ्यावर काढून घेतले. दोन्ही पट्टे खाली साडेतीन पौंडांपासून वर दहापर्यंत पसरलेले. त्या पसाऱ्यात औंसभराचा फरक डोळ्यांना दिसेना. मी पाच पौंड पाच औंसांवर बोट ठेवलं. आपल्या पोरीचं जन्माचं वजन. त्या उंचीवर दोन ठिपके होते, एक कामावर जाणारीचा, एक घरी असणारीचा. त्या घरी असणारीला कोणी काय सांगितलं असेल गं? दिवसभर झोपून राहिलीस म्हणून, असंच ना?

आता आईबद्दल. तू मला बजावलं होतंस, "आईला सांग, इथे उन्हाळा फार आहे, थंडीत ये." मी निरोप जसाच्या तसा दिला. पलीकडून आधी हसू. "नागपूरच्या बाईला ऊन दाखवते का ही? काय झालंय तिला, खरं सांग." मग मला शोभनाकाकूंचं सगळं सांगावं लागलं. तू पोटात असताना ती शेवटपर्यंत सायकलने शाळेत शिकवायला जायची, हे आपल्याला माहीत होतं. तू झालीस तेव्हा आजी घरी येणाऱ्या प्रत्येकीला सांगायची, "सायकल चालवली, म्हणून पोर बारीक," हे मात्र आईने एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच सांगितलं. मी तुझं वजन विचारलं. "काटा कुठे होता रे? सुईण म्हणाली, पोर हलकी, पण आवाज भारी." इतकी वर्षं का बोलली नाही, ते मी विचारलं नाही. तुला विचारता येईल.

कारण हे पत्र मुळात एवढ्यासाठीच, की आई निघाली आहे. व्हिसा होताच. तिकीट भाऊजींनी काढलं, तुला न विचारता, आणि तुला सांगायचं काम माझ्यावर टाकलं. पुढच्या शुक्रवारी दुपारी ती ह्यूस्टनला उतरेल. भाऊजी आणायला जातील. अंगात ताकद असली तर तूही सोबत जा. घरी आल्या आल्या ती हात धुवेल, पोरीला उचलून घेईल आणि काट्याशिवाय वजन सांगेल. त्याच क्षणाची तुला भीती आहे, म्हणून ते उन्हाळ्याचं निमित्त, हे आता आम्हा दोघांनाही कळलंय. ती काय म्हणेल याचा अंदाज मी बांधत नाही, नमुन्यात आई एकच आहे. फक्त पोरगी त्या वेळी रडायला लागली, तर तिला गप्प करू नकोस. आईला ऐकू दे.

तुझाच,
भूषण