बिसरामला हळुवार रागावण्याचा हुकूम

मु. कामठा, आश्विन शुद्ध पंचमी, शके १८६०

चिरंजीव घनश्याम यास केशोमामाचे अनेक आशीर्वाद. नागपूरची वकिली व तुझे पोट, दोन्ही ठीक चालत असतील. इकडे सर्व खुशाल. मात्र माझ्या खुशालीस आपण जबाबदार नाही, असे तुझ्या मामीने मुद्दाम कळवण्यास सांगितले आहे.

तर झाले असे. आमच्या तलावाचा पाणकर बिसराम, म्हणजे धानाच्या बांधीबांधीला (शेताच्या तुकड्यांना) पाळीने पाणी सोडणारा, याने एका शेताला पाळीआधी पाणी दिले असा कोणीतरी अर्ज केला. साहेबाचा इंग्रजी हुकूम आला. शाळामास्तरांनी वाचून सांगितले की, तलावपंचांच्या प्रमुखाने (म्हणजे मी) बिसरामला ‘चाइड’ करावे आणि तसा अहवाल पाठवावा. नाहीतर पाणकराचे काम दुसऱ्यास द्यावे. बापापासून चालत आलेले काम! मास्तरांच्या कोशात अर्थ निघाला: हळुवार रागावणे, आई लेकराला रागावते तसे. (कोशकाराने कोणाची आई पाहिली होती देव जाणे, माझी पळी घेऊन धावे.) पाठशाळेतली माझी नऊ वर्षे अशा वेळी कामी यावीत म्हणून आठवू लागलो. संस्कृतात जवळचा शब्द ‘उपालंभ’. पण तो नायिकेने नायकाला द्यायचा असतो, आणि बिसरामच्या मिशा पाहून मी तो नाद सोडला.

शेवटी त्याला ओसरीवर बोलावले, खाटेवर बसवले, पान दिले आणि आवाज लोण्यात बुडवून म्हणालो, “बिसरामजी, तुमच्याकडून अशी अपेक्षा नव्हती.” त्याच्या हातातले पान गळाले. “कायले असे बोलून राहिले जी? का झालं?” मी आणखी गोड झालो. त्याने तलावाचे तोंड उघडायची पहार उंबऱ्याशी ठेवली, नमस्कार केला आणि थेट कुडव्याला लेकीकडे निघून गेला. तू शहरात राहून विसरला असशील, पण आमच्याकडे ज्याच्याशी संबंध तोडायचा त्याच्याशीच अदबीने बोलतात. आपल्या माणसाला रागवायचे ते तलावाच्या बांधावरून, अख्ख्या गावाला ऐकू जाईल असे.

धान पोटरीत आलेला, आणि कोणाची पाळी कधी हे सगळे बिसरामच्या डोक्यात. चार दिवस थेंब सुटला नाही. पाचव्या दिवशी मामी म्हणाली, “तो का मरून राहिला होता, त्याच्याशी असे बोलाले? जा, नीट शिव्या देऊन आणा त्याले!” बंडी जुंपून कुडव्याला गेलो आणि अंगणातूनच ओरडलो, “अबे बिसऱ्या! तिकडं धान वाळून राहिला अन् तू इथं पाहुणचार झोडून राहिला? लाज वाटत नाही का बे?” पुढचे लिहीत नाही. (शेजारचे भैय्यालाल हातचे काम टाकून ऐकायला आले, आणि एका जागी त्यांनी मान डोलावली.) बिसरामचा चेहरा उजळला. लेकीला म्हणाला, “पाह्य, मालकाले बरं नव्हतं म्हून तसे बोलले. आता बरे झाले.” आणि माझ्याआधी बंडीत जाऊन बसला. त्याच संध्याकाळी पाणी सुटले. तेव्हा कोशातला अर्थ अंगणात पुरा झाला, ओसरीवर नव्हे, असे माझे ठाम मत आहे.

ता. क. अहवाल इंग्रजीतच हवा, तो तू लिहून धाड. शिव्यांचे भाषांतर करू नकोस.

पुन्हा ता. क. अर्ज खोटा नव्हता. पाळीआधी पाणी प्यायले ते शेत माझेच, आणि सोड म्हणालो तोही मीच. दोन्ही वेळा बोलणी खाताना या माणसाने माझे नाव तोंडातून काढले नाही. म्हणून अहवालात त्याच्या जागी माझे नाव घाल. त्याचे काम त्याच्याकडेच राहिले पाहिजे. फक्त माझ्यासाठी ‘चाइड’हून मऊ एखादे क्रियापद सापडते का बघ. आणि मामीच्या कानावर यातले काही जाऊ देऊ नकोस. तिच्याकडे असल्या मऊ क्रियापदाला जागा नाही.