तिच्या नावानं लिहिलेलं उत्तर

माय, तुझी सून तू गेल्यावर घरात आली, म्हणून तिचा आवाज तुला माहीत नाही. चांगला खणखणीत आहे, पण मोबाईलसमोर बसली की घशातच अडकायचा. कारळाची चटणी करून ती चौसाळ्याच्या दुकानांत देते. गेल्या वर्षापासून ती एका ऑनलाइन वर्गात आहे. घरून धंदा करणाऱ्या ठिकठिकाणच्या बाया त्यात आहेत. पाकीट कसं बंद करावं, लेबलावर काय लिहावं, हे एक मॅडम दुपारी तीनला शिकवतात, आणि उरलेला दिवस बाया व्हॉट्सॲपच्या गटात एकमेकींना विचारत राहतात. गटात पुरुषांना घेत नाहीत.

तरी मी होतो. "माझं लिहिणं वाकडंतिकडं, बाया हसतील," असं ती म्हणाली, म्हणून तिच्या नावानं मी लिहू लागलो. नववीतून माझी शाळा सुटली तेव्हा तू बीडहून शब्दकोश आणून दिलास आणि म्हणालीस, "शाळा गेली तर गेली, लिहिणं सोडू नको." तोच शेजारी ठेवून मी एकेक ओळ तीनदा तपासायचो. "ताई किती नीट लिहितात!" असं कुणी म्हटलं की फुगायचो मी. पुढे पुढे तर तिला विचारणंही सोडलं.

मग कोकणातल्या एका बाईनं विचारलं, चटणी पाकिटात कधी भरायची? मला तू चुलीपुढे दिसलीस. तव्यावर कारळ तडतडतंय, तू ते गरमच उखळात टाकतेस, आणि कुटलेली चटणी लगेच माझ्या भाकरीवर ठेवतेस. मी लिहिलं, "गरम असतानाच कुटून लगेच भरावी." एकही वेलांटी चुकली नव्हती. आठ दिवसांनी त्या बाईनं फोटो टाकला. पाकिटांना आतून घाम, चटणीला बुरशी. तिची पहिलीच ऑर्डर होती, लग्नघरची. मॅडमनी लिहिलं, उद्या वर्गात ताईंनी स्वतः बोलावं.

तुझ्या सुनेनं फोटो पाहिला, मग गटातले जुने निरोप चाळून माझं उत्तर शोधलं. "गरम भरा म्हणून कुणी सांगितलं तुमाला? मी परातीत पसरून पार गार करते, रोज बघता की!"

"माय तसंच करायची," मी म्हणालो.

"त्या तुमच्या ताटात वाढायच्या, पाकिटात भरायच्या न्हाईत. लिहिलं तुमी आन् नाव गेलं माझं."

तू शाळेत पोरांची खिचडी शिजवायचीस, ते स्वयंपाकघर मला आठवलं. मी सतरा वर्षांचा, तुला पाण्याचा हंडा आणून दिलेला. तपासणीचे साहेब तुला विचारतात, "आज खिचडी पातळ का?" तू तोंड उघडतेस, तोच मी उत्तर देतो. ते गेल्यावर पळी हातात तशीच धरून तू म्हणालीस, "मला तोंड हाय ना? मग तू कावून बोललास?" मला वाटत होतं, मी तुला वाचवलं.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता ती बसली. पदर दोनदा सारखा केला. "ते उत्तर माझं न्हवतं. मालकानं लिहिलतं. पण फोन मीच दिलता, तवा चूक माझी बी हाय." मग ती कोकणातली बाईच म्हणाली, "अहो ताई, आमचे हे माझ्या नावाने रांगोळीच्या गटात आहेत!" एवढा हशा झाला की मॅडमना सगळ्यांचे आवाज बंद करावे लागले. मग हिनं परात पुढे ओढली, चटणीवर तळहात ठेवून दाखवला. "हाताला जराबी ऊब लागली तर थांबायचं. लई घाई करायची न्हाई." अर्धा तास बोलली. कोकणातल्या बाईनं दुसरा घाणा तसाच केला, आणि लग्नघरानं तो घेतला.

आता ती बोलूनच निरोप पाठवते. बाया म्हणतात, तुमचं बोलणं ऐकलं की समजतं. मी लेबलं चिकटवतो, सरळ.

ती वर्गात बोलली त्या दुपारी मी दाराबाहेर उभा होतो. हातात, ती अडली तर पुढे करायला आदल्या रात्री लिहिलेली सोळा उत्तरं होती, क्रमांक घालून, शुद्ध. तिनं एकदाही दाराकडे पाहिलं नाही. हे पत्र त्याच कागदांच्या पाठीवर लिहितोय, आणि तुझ्या शब्दकोशात ठेवून देणार आहे. त्या दिवशीही मी तिच्यासाठी उत्तरं लिहून ठेवली होती, हे तिला अजून सांगितलेलं नाही.