पाठमोरे आबा

आबा,

काल स्टुडिओतली जुनी पाकिटं आवरताना तुमची पाठ सापडली. खाकी शर्ट, आईने झिजलेली कॉलर उसवून उलटी करून शिवलेली, मानेवर घामाचा ओला पट्टा, सीटवर टाकलेला पंचा. फोटो मीच काढलेला, तुमच्या धरणगाव–जळगाव एसटीत, आपण एकमेकांशी बोलत नव्हतो त्या दिवसांत.

नशिराबादच्या स्थळाला मी नाही म्हटलं होतं, तेही पाहुण्यांच्या हातात चहाचे कप असताना. लग्न झालं की जळगावच्या फोटो स्टुडिओतली नोकरी सोडायची, अशी त्यांची अट होती आणि तुम्ही तर शब्द देऊन बसलेले. पाहुणे गेल्यावर तुम्ही एवढंच म्हणालात, "तुन्हं तोंड माले दखाडू नको." आणि पाळलंतही! जेवायला भिंतीकडे तोंड करून बसायचात. आई दोघांच्या मध्ये भाकरी वाढत म्हणायची, "दोन्ही हट्टी, मी कोणले समजाडू?" पण मला वेळेवर जळगावला पोहोचवणारी सकाळची गाडी एकच, आणि ती चालवणारे तुम्ही. मी मुद्दाम तुमच्या अगदी पाठीमागच्या सीटवर बसायचे. तोंड दाखवू नको म्हणालात ना, मग घ्या! सगळी वाट खिडकीबाहेर पाहत रुसून बसायचे. मनात मात्र धास्ती होती, की हा माणूस आता जन्मभर माझ्याकडे पाहणार नाही.

आमच्या फोटोवाल्यांच्या मंडळात दर महिन्याला एक विषय देत आणि प्रत्येकाने त्यावर फोटो आणायचा, उत्तम फोटोला बक्षीस. त्या महिन्याचा विषय होता 'पाठमोरे'. मी जिनिंगकडे निघालेली कापसाची गाडी मागून काढली, नळावर हंडा उचलणारी बाई काढली, न्हाव्यापुढे मान खाली घातलेलं गिऱ्हाईक काढलं. तुमचे कंडक्टर म्हणाले, "बठ्ठा लोक तोंडना फोटू काढतस, तू पाठना काय काढस व माय!" रोलमध्ये शेवटचा फोटो उरला होता. पाळधीला गाडी थांबली, माणसं चढत होती, आणि मी त्या उलट्या कॉलरवर नजर ठेवून बटण दाबलं.

त्या संध्याकाळी डार्करूममध्ये मी औषधात कागद हलवते आहे. आधी केस उमटतात, मग खांदे, मग कॉलर. आणि वर, तुमच्या डोक्यावरच्या आरशात, दोन डोळे. सरळ माझ्याकडे पाहणारे. माझा हात थांबतो. दाराकडे पाहत असतील, मी स्वतःला समजावते, पॅसेंजर चढत होते ना.

धुळ्याहून आलेल्या परीक्षकांनी फोटो बाजूला ठेवला. म्हणाले, "यात चेहरा दिसतो. विषयात बसत नाही." घरात जो चेहरा मला दिसत नव्हता, तो दिसतो म्हणून माझा फोटो बाद! मला हसू आलं, आणि मग तिथेच, सगळ्यांसमोर, रडूही आलं. त्यांना वाटलं, बक्षीस हुकलं म्हणून रडते.

पुढे एकदा तुम्ही रजेवर होतात. बदली ड्रायव्हर बसला आणि आरसा चाचपत खेकसला, "हाऊ आरसा कोणी वाकडा करा? दार दखातच नही, मांगली सीटच दखास." कंडक्टरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ते घाईघाईने तिकिटं पंच करायला लागले. खिडकीबाहेर कापसाची शेतं मागे जात होती आणि मला ती नीट दिसत नव्हती.

तुम्ही बोललात ते पावसाळ्यात, जळगावला मी उतरताना, मागे न वळता. "छत्री लई जाय." बस्स. त्या स्थळाचा विषय घरात पुन्हा कधी निघाला नाही. तुम्ही गेल्यावर आईने तुमचा ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून भिंतीला लावला. तो चांगला आहे, पण त्यात तुम्ही कुणाकडेच पाहत नाही.

हे पत्र टाकायला पेटी नाही. पाकिटात, तुमच्या फोटोमागेच ठेवते. एक सांगायचं राहिलं. रजेवरून आलात त्या सकाळी तुम्ही आरसा हळूच पुन्हा वाकडा केलात, तेव्हा मी बाहेर पाहण्याचं सोंग घेतलं होतं. त्या दिवसापासून मी खिडकी सोडून जरा मधल्या वाटेकडे सरकून बसायचे. तुमच्या आरशात नीट मावावं म्हणून.