कॅमेऱ्याची टोपी

तुमची मुलगी, म्हणजे माझी सून, मला म्हणाली की तिच्या आईनं घरात कॅमेरा लावून घेतला आणि हूं की चूं केलं नाही. तेव्हापासून माझ्या घरात शांतता नाही. निदान एकदा तरी हूं करायचं होतं, विहीणबाई. तुम्ही केलं नाहीत म्हणून सगळं मला एकटीला करावं लागलं, आणि आता मी भांडखोर आणि तुम्ही समजूतदार असा निकाल लागून गेलाय. तक्रार आधी लिहिली, कारण एकदा नमस्कार केला की जीभ अडखळते.

आता रीतीनं. विहीणबाईंना माझा नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? (सून सांगते, बरा आहे. पण ती माझ्याबद्दल तुम्हाला जेवढं खरं सांगते तेवढंच तुमच्याबद्दल मला सांगत असेल, तर तुम्ही लंगडत असणार.) मी ठणठणीत आहे. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण तोंडी सांगितलेलं हल्ली कोणी धरत नाही. फोनच केला असता, पण त्या कॅमेऱ्याच्या डबीला कान आहेत असं दुकानदारानंच मला कबूल केलं. म्हणून हे पत्र मी स्वयंपाकघरात मोरीजवळ पालथ्या बादलीवर बसून लिहितेय. इथपर्यंत तिची नजर पोचत नाही, मी दोरी लावून बघितलंय. माझी शाळा चौथीत सुटली, तेव्हा अक्षर लावून लावून वाचा.

हिवाळ्यात मी शिवणाच्या मशीनपाशी घसरून पडले ते तुमच्या कानावर आलंच असेल. तुम्हाला सांगितलं असेल की मी तासभर जमिनीवर पडून होते. पाऊण तास. त्यातलाही अर्धा वेळ पलंगाखाली हरवलेली कात्री दिसली ती ओढून काढण्यात गेला. मी पडले ही चूक नाही, आठवड्यानं मुलाला सांगितलं ही चूक. तो दुसऱ्याच दिवशी हजर. म्हणाला, एक तर घरात कॅमेरा लाव, म्हणजे मला ऑफिसातून तू दिसशील, नाहीतर सामान बांध आणि आमच्याकडे राहायला चल. मी विचारलं, आणि माझं मशीन? म्हणाला, आमच्याकडे मशीनला जागा नाही, तुला आहे. चाळीस वर्षं त्या मशीनवर मी त्याला वाढवला, आणि जागा फक्त मला. कॅमेरा लावते म्हटलं. पण निवडणार मी.

दुकानात बिनवायरीचे तीन कॅमेरे होते. दुकानदार गोड बोलत होता, तेव्हाच मी पिशवी पोटाशी धरली. पहिला होता चेंडूसारखा, माणूस जाईल तिकडे मान वळवणारा. मी डावीकडे गेले, तो डावीकडे. मी वाकून चप्पल नीट केली, तो वाकला. सासूबाई गेल्यापासून असं माझ्यामागे कोणी मान फिरवली नव्हती. तो नको म्हटलं. दुसऱ्याला दोन शिंगं होती आणि तो अंधारातही बघायचा. मी म्हटलं, अंधारात मी झोपते, त्यात बघण्यासारखं काय आहे? दुकानदार म्हणाला, सुरक्षा. या माणसाला दुसरा शब्द येत नव्हता.

मग मी त्याला विचारलं, माझं चित्र मुलाच्या फोनमध्ये जातं ते मध्ये कुठं थांबतं का? म्हणाला, परदेशात एका मोठ्या खोलीत यंत्रं आहेत, तिथं साठतं. त्या खोलीची किल्ली कोणाकडे? म्हणाला, ते माहीत नाही, पण पासवर्ड लागतो. म्हणजे माझ्या घरात काय चाललंय ते ज्या खोलीत ठेवणार, तिचा मालक यालाच ठाऊक नाही. (तुम्ही विचारलं होतंत का? नसणार.)

तिसरा कॅमेरा साबणाच्या वडीएवढा, जागच्या जागी बसणारा, स्वस्तातला. मी दुकानदाराला फोनवर बघत राहा म्हटलं आणि कॅमेऱ्यासमोर त्याच्या काउंटरवरचं पेन उचलून पिशवीत टाकलं. मग विचारलं, काय दिसलं? म्हणाला, आजी, तुमचा हात हलला. पेन? पेन दिसलं नाही. मी पेन परत दिलं आणि हाच बांधून दे म्हटलं. बिचाऱ्यानं मला तीनदा समजावलं की हा तिघांत सगळ्यात कमी बघतो. मी म्हटलं, म्हणूनच.

मुलानं येऊन तो कपाटावर बसवला, तोंड थेट मशीनकडे. मी म्हटलं, अरे, याच खोलीत बायका मापं द्यायला येतात. तो म्हणाला, आई, मी काय त्यांच्याकडे बघणार आहे का? मी म्हटलं, तू नाही बघणार, पण तो परदेशातला खोलीवाला? यावर तो हसला. पहिल्याच दिवशी पंख्यानं टांगलेले कपडे हलले आणि त्याच्या फोनवर घरात हालचाल, घरात हालचाल असे इतके निरोप गेले की त्याच्या साहेबानं त्याला फोन बाहेर ठेवून ये म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी आलेल्या बाईनं मान वर केली, कपाटावरचा डोळा बघितला, सोडलेली बटणं परत लावली आणि गेली. तिसऱ्या दिवशी दोघी तशाच गेल्या. कॅमेऱ्यानं मला पडताना अजून पाहिलं नाही, पण माझा धंदा पडताना रोज बघत होता.

म्हणून मी त्याला टोपी शिवली. काळं कापड, आतून अस्तर, पुढं झडप आणि झडपेला टिचबटण. बाई आली की बटण लावायचं, गेली की काढायचं. इतकं बेतशीर काम मी कुठल्या नवरीसाठीही केलेलं नाही. आठ दिवस छान गेले. मुलानं विचारलं की मधेमधे काळं का होतं, तर मी म्हटलं, स्वस्तातला आहे ना.

नवव्या दिवशी शाळेच्या मोठ्या बाई आल्या, ज्यांच्यासमोर अख्खी शाळा थरथरते त्या. सभेसाठी त्यांना नवीन ब्लाउज हवा होता. झडप बंद केली, त्या ब्लाउज उतरवून आतल्या कपड्यांवर उभ्या राहिल्या, मी कंबरेला टेप लावला. माझा फोन कापडांच्या ढिगाखाली होता. मोठ्या बाईंना प्रत्येक माप तीनदा घ्यायला लागतं, कारण पहिली दोन त्यांना पटत नाहीत, त्यात वेळ गेला. तिकडे मुलाला अर्धा तास काळोख दिसतोय आणि मी फोन उचलत नाही. त्यानं समोरच्या किल्लीवाल्याला फोन केला. किल्लीवाला आला आणि पहारीनं माझ्या दाराची कडी उखडली. दार नुसतं लोटलेलं होतं, विहीणबाई. ढकलून बघावं असं त्याला वाटलं नाही, कारण त्याच्या धंद्यात उघडं दार बसत नाही. त्याच वेळी कपाटावरून, टोपीच्या आतून, पुरुषाचा आवाज आला: आई, आई, जिवंत आहेस का? (त्या डबीला तोंडही आहे, हे मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं.) मोठ्या बाईंनी इस्त्रीचं फळकूट समोर धरलं आणि माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मला चौथीतला वर्ग आठवला. मी त्यांना म्हटलं, घाबरू नका, माझा मुलगा आहे. त्यानं त्यांचं समाधान झालं नाही.

त्या परत आल्या नाहीत. त्यांचं कापड तसंच पडलंय, माप झालेली एक बाही तेवढी तयार आहे.

मुलगा त्याच रविवारी आला. टोपी जप्त केली. म्हणाला, आई, आणखी एकदा काळं दिसलं की मी ट्रक घेऊनच येईन, मग मशीन विक नाहीतर कोणाला देऊन टाक. हे त्यानं आवाज न चढवता सांगितलं, म्हणून मला खरं वाटलं. मग त्यानं फोन काढला आणि तुम्हाला दाखवलं. खिडकीशी खुर्ची, तुम्ही पाठमोऱ्या, अंगावर तपकिरी शाल. म्हणाला, बघ माझ्या सासूबाई कशा शांत बसल्यात, शीक काहीतरी. मी बघितलं. जेवण झाल्यावर पुन्हा बघितलं. तो निघताना म्हटलं, जाता जाता परत एकदा दाखव. तुम्ही फारच शांत बसता.

असो. काही अधिकउणं लिहिलं गेलं असेल तर मोठं मन करा. गुडघ्याला जपा.

तुमची विहीण

ता. क. कडी नवीन बसवली. किल्लीवाल्यानंच बसवली, आणि माझ्याकडे बघून सुरक्षा म्हणाला. हा शब्द सगळीकडे पोचलाय.

ता. क. दुसरा. तुमच्या मुलीच्या लग्नात तुमचा ब्लाउज मी शिवला होता. तुमचा खांदा पंधरा इंच, हे मी झोपेतही सांगेन. मुलाच्या फोनमध्ये जी बसली आहे तिचा सहज अठरा आहे, आणि डावा उजव्यापेक्षा दोन बोटं खाली. शिवाय शाल जिवंत माणसाच्या अंगावर तीन तास अशी राहत नाही, ती घसरते, माणूस ओढून घेतं. मी घरात कोणाला बोलले नाही. तुम्ही कुठं जाता तेही विचारत नाही. (गुडघा बरा आहे हे मात्र आता पटलं.)

ता. क. तिसरा, आणि पत्र खरं तर यासाठीच. मला तशीच एक कापडाची बाई करायची आहे, पलंगावर आडवी, म्हणजे ती झोपली असताना पडद्यामागं मला मापं घेता येतील आणि काळं काही दिसणार नाही. धड मी शिवीन. पण डोक्याच्या जागी तुम्ही काय ठेवलंय ते मला काही केल्या कळलं नाही. पातेलं असेल तर उपडं की सुलटं? आणि उन्हात चमकत कसं नाही? तेवढं कळवा, मोठ्या बाई बाकीची मापं द्यायला तयार झाल्या तर मला घाईनं लागेल. बदल्यात मी तुमच्या बाईचा खांदा पंधरावर आणून देते, नाहीतर एखाद्या दिवशी तुमची मुलगी नीट बघेल आणि ट्रक आधी तुमच्या दारात उभा राहील.

उत्तर पत्रानंच पाठवा. मुलीला सांगून नाही, फोनवर नाही. खुर्चीतली बसली आहे तिला बसू दे, उत्तर तुम्ही स्वतः लिहायचं, बाहेरून परत आल्यावर.